भाव जगाचा, जोखीम गावाची



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. कापसाच्या हंगामात ते रोज सकाळी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचा बाजारभाव लिहीत. मग त्यावर गणितं. एका बंडीत इतका कापूस, इतकी अडत, इतकी हमाली, इतकी तूट, तर बापाच्या हाती किती पडले? वर्गातली निम्मी पोरं कास्तकारांची. गणित खरं होतं की नाही, हे संध्याकाळी घरी कळत असे. एकदा आठवड्याभरात भाव बराच उतरला. गुरुजींनी विचारलं, "पाऊस तोच, वावर तेच, पऱ्हाटी तीच. मग भाव कुणी बदलला?" कुणी म्हणालं अडत्यानं, कुणी म्हणालं जिनवाल्यानं. गुरुजी म्हणाले, "त्यांना विचारा. तेही सांगतील की वरून आला."

ते 'वरून' म्हणजे कुठून, हे समजून घेण्यात माझं आयुष्य गेलं. तीस वर्षं मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. आज संयोजकांनी 'जागतिकीकरण आणि उत्पन्नातील विषमता' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, आणि त्याकडे बघायच्या जागाही पुष्कळ आहेत. मी खामगावच्या बाजार समितीच्या फाटकात उभा राहून त्याकडे बघणार आहे, कारण ही जागा मला ठाऊक आहे आणि इथून जग फार स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की जागतिकीकरण १९९१ साली आलं. त्या वर्षी २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, परवाने गेले, आयातीची दारं उघडली. मुंबई-पुण्यापुरतं हे ठीक आहे. वऱ्हाडात मात्र ते त्याच्या सव्वाशे वर्षं आधी आलं होतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. इंग्लंडची नजर मुंबईकडे वळली, मुंबईची वऱ्हाडाकडे. चार वर्षं मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा दिवाळखोर झाला. मुंबईच्या त्या कहाण्या आपण वाचतो. भाव कोसळले तेव्हा वऱ्हाडातल्या कुळाचं काय झालं, याची कहाणी कुणी तितक्या हौसेनं लिहिली नाही.

१८५३ सालीच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला होता. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. लांबी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा रुळांसाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी का आला असेल? कारण त्या रुळांचं दुसरं टोक लिव्हरपूलला होतं. आदल्या वर्षी नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला होता आणि १८७० मध्येच समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला पोचली. बोट, आगगाडी आणि तार. अगोदर लिव्हरपूलचा भाव इथं यायला कित्येक आठवडे लागत. आता तो तासांत येऊ लागला. येत होता व्यापाऱ्याकडे. वेचणी करणारीला तो कळायचा तो वजनकाट्यापाशी.

त्या काळात श्रीमंती आली, हे मी नाकारत नाही. या गावातले जुने वाडे बघा, अकोल्याचे, अमरावतीचे, हिंगणघाटचे जिन-प्रेस बघा. ज्याच्याकडे जमीन मोठी, भांडवल हाताशी, किंवा तारेची खबर आधी मिळायची सोय, त्याचं भलं झालं. पण ज्वारीच्या जागी कापसाची पऱ्हाटी आली, आणि पोटाचं धान्य विकत घ्यायची वेळ आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात भुकेनं १ लाख ४३ हजार माणसं मेली, असं वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांचा अभ्यास करणारे इतिहासकार लक्ष्मण सत्य सांगतात. त्याच काळात या प्रांतातून कापसाच्या गाठी तर जात होत्याच, धान्यही जात होतं. ज्या रुळांनी कापूस नेला, तेच रूळ धान्यही नेत होते. धान्य होतं, विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. हे मी प्रत्येक वर्षी वर्गात सांगत असे आणि प्रत्येक वर्षी सांगताना मला थांबावं लागत असे.

आता मधली पन्नास-पाऊणशे वर्षं ओलांडतो. फक्त एका लेखापाशी क्षणभर थांबतो. १९१८ साली, वयाची तिशीही ओलांडली नसताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे, असं तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत. बाबासाहेबांनी हा उलटा विचार सरळ केला. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, भांडवल कमी आहे, आणि शेतीबाहेर काम नाही. म्हणून तुकडे लहान आहेत. उपाय शेतात नाही, उद्योगात आहे. शंभर वर्षांनंतर आकडा काय म्हणतो? २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातले ४६ टक्के कामकरी अजून शेतीवर आहेत. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. साधा भागाकार करा. शेतीतल्या एका माणसाच्या वाट्याला जे येतं, त्याच्या जवळजवळ चौपट शेतीबाहेरच्या माणसाच्या वाट्याला येतं. विषमतेचं अर्धं गणित या एका भागाकारात आहे, आणि ते बाबासाहेबांनी १९१८ मध्ये फळ्यावर मांडून ठेवलं होतं.

१९७२ साली महाराष्ट्रानं कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तुमच्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींना संकलन केंद्रांपुढच्या बंड्यांच्या रांगा आठवत असतील. ग्रेडवरून भांडणं, चुकाऱ्याला उशीर, पुढे वाढत गेलेला तोटा, सगळं खरं. तरी त्या योजनेनं एक केलं. लिव्हरपूल-न्यूयॉर्क आणि आपलं वावर यांच्यामध्ये एक भिंत उभी केली. भिंतीला भोकं होती, पण भिंत होती.

त्या भिंतीवर सर्वांत जोरकस हल्ला केला तो कुण्या परदेशी संस्थेनं नव्हे, शेतकरी नेते शरद जोशींनी. त्यांचं म्हणणं होतं की सरकार शेतकऱ्याला वाचवत नाही, लुटतं. निर्यात बंद करून, स्वस्त आयात करून भाव पाडतं आणि शहराला स्वस्तात पोसतं. 'इंडिया' आणि 'भारत' असा भेद त्यांनी मराठी माणसाच्या तोंडी रुळवला. दार उघडा, आम्हाला जगाचा भाव घेऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. मी त्यांच्या सभांना गेलेलो आहे. लाखोंच्या सभेत हा माणूस आकडे सांगायचा आणि लोक शांतपणे ऐकायचे. त्यांचं निदान चुकलं नव्हतं. २०१० आणि २०१२ साली जगात कापसाला चढे भाव होते तेव्हा दिल्लीनं निर्यात रोखली. भाव वर जाताना दार बंद आणि खाली येताना उघडं, हा अनुभव काल्पनिक नाही. माझा त्यांच्याशी मतभेद एवढाच होता, की दार उघडलं तरी त्याची कडी कास्तकाराच्या हाती येणार नव्हती.

२००२ च्या सुमारास एकाधिकार संपुष्टात आला, त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं बाजाराचं, खत बाजाराचं, फवारणी बाजाराची, आणि भाव जगाचा. जगाचा म्हणजे कुणाचा? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतकं अनुदान देत होती की ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. शेवटी २०१४ साली अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ पासून हीच तक्रार मांडली होती. त्यांना असा धनादेश मिळाला नाही, आपल्या यवतमाळलाही नाही. कास्तकारांच्या आत्महत्या वाढल्यावर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ ला कर्जमाफी आली, तर ती पूर्ण मिळायला जमिनीची मर्यादा दोन हेक्टर. कोरडवाहू मुलखात सहा-सात एकरवाला बागायती दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, हे तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही. विधवा झालेल्या ज्या बाया माझ्या विद्यार्थ्यांच्या आया होत्या, त्यांच्या घरी मी गेलो आहे. त्यांच्याविषयी मी इथं अधिक बोलणार नाही. त्यांचं दुःख हे माझ्या व्याख्यानातलं उदाहरण होऊ नये.

आता सिद्धांताकडे येतो, थोडक्यातच.

१९४१ साली वोल्फगँग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांनी एक प्रमेय मांडलं. व्यापार खुला झाला की ज्या देशात जे मुबलक आहे त्याची मागणी आणि किंमत वाढते. आपल्याकडे मजूर मुबलक, म्हणून व्यापार खुला होताच मजुराची मजुरी वाढेल आणि विषमता कमी होईल. मी हे प्रमेय तीस वर्षं शिकवलं. आकृती फार सुंदर येते. १९९१ नंतर मी वाट बघत होतो की ती आकृती माझ्या गावात कधी उतरते. चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये, बांगलादेशात ती काही अंशी उतरली. कोट्यवधी साधी माणसं शेतातून कारखान्यात गेली. बांगलादेशाच्या तयार कपड्यांच्या धंद्यात चाळीस लाखांच्या आसपास कामगार आहेत, निम्म्याहून जास्त बाया. तिथं किंमतही मोजली गेली; २०१३ साली राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. पण काम तयार झालं. आपल्याकडे प्रमेयात गृहीत धरलेली ती वाटच तयार झाली नाही. शेतातून निघालेल्या माणसाला कारखान्याचं फाटक सापडलं नाही. तो बांधकामावर गेला, सुरक्षारक्षक झाला, दुचाकीवरून पार्सलं पोचवू लागला. आणि जिथं कारखाना होता तिथंही आज संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास कंत्राटी आहेत. २००० साली हे प्रमाण त्याच्या निम्मं होतं.

मग वाढलेलं उत्पन्न गेलं कुठं? थॉमस पिकेटी, ल्युका शांसेल, नितीनकुमार भारती आणि अनमोल सोमंची यांनी २०२४ साली भारताची शंभर वर्षांची मांडणी प्रसिद्ध केली. १९८२ च्या सुमारास देशाच्या उत्पन्नातला वरच्या एका टक्क्याचा वाटा ६ टक्क्यांच्या जवळ होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला. खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून येतात सुमारे १५ टक्के. या आकड्यांवर वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. सरकारी पाहणीत माणसाचा खर्च मोजतात, आणि खर्चातली विषमता अलीकडे कमी झालेली दिसते. दोन्ही खरं असू शकतं. गरिबाच्या ताटात थोडं जास्त आलं, आणि श्रीमंताच्या तिजोरीत फार जास्त आलं. तिजोरीत गेलेलं खर्चाच्या पाहणीत दिसत नाही. लोक मात्र रस्त्यावर ते बघतात.

दुसरी बाजूही पुरती सांगितली पाहिजे. जगातली टोकाची गरिबी १९९० साली तिघांत एकापेक्षा जास्त माणसांची होती. पंचवीस वर्षांत ती दहांत एकावर आली. ब्रँको मिलानोविच यांनी काढलेला 'हत्तीचा आलेख' प्रसिद्ध आहे. १९८८ ते २००८ या वीस वर्षांत जगाच्या मधल्या लोकांचं, म्हणजे मुख्यतः आशियातल्यांचं, उत्पन्न भरभर वाढलं. श्रीमंत देशांतल्या साध्या कामगारांचं जवळपास थांबलं. आणि सगळ्यांत वरच्या एका टक्क्याचं सोंडेसारखं वर गेलं. माझ्याच वर्गातल्या मुली आज हिंजवडीत, बंगळुरात, डब्लिनमध्ये नोकरी करतात. ज्या आईनं रोजंदारीवर कापूस वेचला, तिची मुलगी घरी दरमहा पैसे पाठवते. जागतिकीकरण नसतं तर ही मुलगी कुठं असती, हा प्रश्न टाळून मला बोलता येणार नाही. मी दार बंद करा म्हणणारा माणूस नाही.

पण ती मुलगी दारातून गेली कशी? तिच्याकडे पदवी होती. पदवीला परवाना मिळाला, पैशाला तर परवान्याचीही गरज नाही. जमिनीला पाय नाहीत. तिच्या आईच्या हातातल्या कसबाला देशाबाहेर सोडा, तालुक्याबाहेरही विचारणारं कुणी नाही. ज्याला हलता येतं तो भाव सांगतो, ज्याला हलता येत नाही तो भाव ऐकतो. माझ्या मते जागतिकीकरणातल्या विषमतेचं मूळ इथं आहे.

एक हिशेब मांडू, गुरुजींच्या पद्धतीनं. पुरुषाच्या एका सुती शर्टाला साधारण पाव किलो कापड लागतं. सूतकताईतली घट धरून पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम रुई. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे शर्टाला लागला पाऊण किलो ते नऊशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. तोही पुरता मिळाला असं धरा. शर्टामागे कास्तकाराला साठ-सत्तर रुपये आले. त्यात बियाणं, खत, फवारणी, डवरणी आणि आठ-नऊ महिन्यांची राखण. वेचणारीला त्यातले आठ-दहा. तोच शर्ट मॉलमध्ये पंधराशेला आहे. उरलेले पैसे कुणी लुबाडले असं मी म्हणत नाही. कताई, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक, दुकानाचं भाडं, सगळे खर्च खरे आहेत. मला दाखवायचं ते वेगळंच आहे. कापसाचा भाव २०२२ च्या उन्हाळ्यात बारा हजारांवर गेला होता, पुढच्या वर्षी सात-आठ हजारांवर आला. शर्टाची किंमत किती उतरली? रुपयाही नाही. भाव पडला तेव्हा साखळीतल्या प्रत्येकाला थोडं थोडं सोसायला हवं होतं. सोसलं ते एकट्या टोकाच्या माणसानं. उत्पन्नातली तफावत नंतर येते. आधी जोखमीची वाटणी विषम होते. हे मला आज तुमच्यापुढे ठेवायचं आहे.

या साखळीचं दुसरं टोक मुंबईत होतं. आपला कापूस आणि आपलीच माणसं. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातले आणि घाटावरचे कामगार राबले. गिरण्या जागतिकीकरणानं मारल्या असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा यंत्रं जुनाट झाली होती, नफा दुसऱ्या धंद्यांत वळवला गेला होता आणि भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांनी बाजार घेतला होता. जागतिकीकरणानं पुढचं काम केलं. गिरणीखालच्या जमिनीला जागतिक भाव आणला. मुंबई वित्ताचं शहर होऊ लागली तशी परळच्या जमिनीची किंमत कापडापेक्षा कितीतरी जास्त झाली. २००१ मध्ये विकास नियंत्रण नियम ५८ बदलला आणि शहरासाठी, कामगारांच्या घरांसाठी सोडायचा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता आक्रसला. चार वर्षांनी वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये तोच नियम कायम राहिला. जिथं भोंगा व्हायचा तिथं आज काचेचे मनोरे आहेत. जमिनीला जगाचा भाव मिळाला. त्याच जमिनीवर दोन-तीन पिढ्या घाम गाळलेल्याला घरासाठी सोडतीची वाट बघावी लागली, आणि अर्जांच्या मानानं घरं फार थोडी निघाली.

आणि आता अलीकडची गोष्ट, जी तुमच्यापैकी कित्येकांच्या अंगावरून गेली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्याचा फटका तिरुपूरच्या कपडे उद्योगाला बसणार हे उघड होतं. तिथंही लाखो मजूर आहेत, त्यांना आधार हवाच होता. दिल्लीनं काय केलं? १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सीतादहीची पूजा करून आपण पहिली वेचणी करतो आणि घरात कापूस येतो, नेमके ते महिने. भांडण वॉशिंग्टन आणि दिल्लीचं, अडचण तिरुपूरच्या कारखानदाराची, आणि ती सोसावी लागली खामगावच्या बाजाराला. भाव हमीभावाच्या खाली राहिले. मग कापूस महामंडळाची खरेदी, तिच्यासाठी मोबाईलवर नोंदणी, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत. सप्टेंबरात पावसानं झोडपलेल्या कापसाला ओलावा असणार नाही तर काय? डॅनी रॉड्रिक या अर्थशास्त्रज्ञानं १९९८ साली एक गोष्ट आकड्यांनी दाखवली होती: जे देश व्यापाराला जास्त खुले असतात, त्यांची सरकारंही मोठी असतात. जगाच्या बाजारातले धक्के सोसायला त्यांनी विमा, पेन्शन, बेकारी भत्ता, प्रशिक्षण यांची गादी अंथरलेली असते. आपण दार उघडलं आणि गादी अंथरायला विसरलो. २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यातले पिकातून ३,७९८, आणि मजुरीतून ४,०६३. कास्तकार म्हणवणारं घर पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगत होतं.

हे सगळं सांगून मी तुम्हाला स्वीडन किंवा डेन्मार्ककडे बोट दाखवणार नाही. गादी कशी अंथरायची हे महाराष्ट्रानं जगाला दाखवलेलं आहे, आणि हे आपणच विसरलो याचं मला फार वाईट वाटतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग केला: मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात त्या प्रयोगाची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणं हा हक्क झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ साली आला, तो याच वाटेनं.

त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट पैशाची होती. खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी कुठून द्यायची? १९७५ साली महाराष्ट्रानं त्यासाठी व्यवसाय कर बसवला. मुंबईचा वकील, पुण्याचा प्राध्यापक, बँकेतला कारकून, कारखान्यातला कामगार, सगळ्यांच्या पगारातून थोडे पैसे कापले जाणार, बागायतदारानंही काही द्यायचं, आणि जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच सरकारनं आपल्या पदरची घालायची. ज्याला बाजारानं वर नेलं त्यानं, ज्याला दुष्काळानं खाली ओढलं त्याच्या जोखमीत वाटा उचलायचा. कुठल्याही परदेशी पुस्तकातून न उचलता आपल्या माणसांनी, आपल्या पैशानं उभी केलेली ही व्यवस्था होती. बाजाराच्या भावासाठी ती नव्हती, पण रचना तीच लागते. भाव पडलेल्या वर्षी हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक थेट कास्तकाराला द्यायचा असेल, वेचणीच्या बायांना हंगामाबाहेर काम द्यायचं असेल, तर असाच स्वतंत्र, कायद्यानं बांधलेला निधी हवा. दरवर्षीच्या पॅकेजची वाट बघून हे होणार नाही.

समोर शिक्षक बसले आहेत, बँकेतली मंडळी आहेत, आणि पुण्या-मुंबईहून सुट्टीवर आलेली मुलं-मुलीही दिसत आहेत. घरी गेल्यावर आपली पगारपत्रिका काढून बघा. 'व्यवसाय कर' अशी एक ओळ सापडेल. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. पगार पंचवीस हजार असलेल्या पुरुषालाही तेवढाच, आणि महिना पंचवीस लाख कमावणाऱ्यालाही तेवढाच. कारण राज्यघटनेच्या कलम २७६ नं त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली ठरली. त्यानंतर देश खुला झाला, पगार कितीतरी पटींनी वाढले, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. ती मर्यादा एका रुपयानंही हललेली नाही. ती बदलायला घटनादुरुस्ती लागते, आणि घटनादुरुस्तीला खासदार लागतात. पुढच्या वेळी तुमचे खासदार या गावात मत मागायला येतील तेव्हा, बाकी सगळं विचारून झाल्यावर, त्यांना कलम २७६ बद्दल विचारा.